पाणसळ

तार्तूच्या जुन्या लाकडी घरात
उर्वेचं स्वयंपाकघर:
दोघं उभे राहिले की भरलं.
लिनोलियमचे तीन थर खरवडले
तेव्हा चुलीपाशी निघाली एक फळी,
टाचांनी झिजलेली. सासूच्या,
आणि त्याआधी कुणाच्या, कोण जाणे.

माडिस सुतारानं पाणसळ ठेवली.
बुडबुडा पळाला भिंतीकडे.
"घर नदीकडे कललंय. ओटा
पाणसळीला धरून बसवू, की घराला?"

चाळीस वर्षं सूप
ताटाच्या एकाच कडेला जमायचं.
नवरा पाव तिकडूनच बुडवायचा,
न बघता.

"घराला," ती म्हणाली.
मग, झाडू शोधत:
"कपाटाची दारं मात्र
आपोआप उघडता कामा नयेत."