यादी क्रमांक दोन

विडी घरकुलात पाचव्या दिवशी नळाला पाणी आलेलं,
दुपारपर्यंत कुणीच माझ्याशी बोलेना.
पायरीवर बसलो, मांडीवर फॉर्म, दोन याद्या:
पहिलीत चिठ्ठी निघालेल्या बाया,
दुसरीत न निघालेल्या.

शिवणकामाचं सरकारी प्रशिक्षण, तीन महिन्यांचं.
जागा साठ, अर्ज एकशे वीस.
चिठ्ठ्या काढल्या, म्हणजे वशिला नको,
आणि वर्षानं आम्हाला मोजता यावं
की शिकलेलीला काम लागलं ते शिकल्यामुळं
की तसंही लागलंच असतं.

या ‘तसंही’पायी
अख्खं सोलापूर उन्हात पालथं घालतोय.

अनसूया येमूल, पहिली यादी.
मागच्या सात दिवसांत एक तास तरी पैशासाठी काम केलं का?
“एक तास?” ती हसली,
“एका तासाला कोण ठेवतंय हो?”
अक्कलकोट रोडला शाळेच्या गणवेशांचा कारखाना,
कॉलर बसवते, नगावर पैसे.
विडीचं सूप माळ्यावर गेलं.
‘हो’वर खूण केली.

भूलक्ष्मी चिप्पा, दुसरी यादी,
घर भिंतीला भिंत लागून.
काम? हो. त्याच कारखान्यात,
त्याच ओळीत. बाही जोडते.
शिकलात कुठं?
तिनं भिंतीकडं बोट केलं.

अनसूया दिवसा शिकायची
ते रात्री इथं, सासूच्या जुन्या मशिनवर,
पोरं निजल्यावर, पायडल करकरत.
चुकलेली शिवण दोघी मिळून उसवायच्या.
“आणि ती क्लासला गेली की
तिच्या वाटच्या पाचशे विड्या कोण वळणार?
मीच की.”

पुण्याच्या ऑफिसात ‘हो’तून ‘हो’ वजा होईल.
फरक शून्य.
कुणीतरी पान उलटताना म्हणेल,
वर्गाचा उपयोग दिसत नाही.

शेऱ्याचा रकाना दोन बोटं रुंद.
मी त्यात लिहिलं: भिंत.
मग खोडलं. मग पुन्हा लिहिलं,
पेन कागदातून आरपार गेलं.

भूलक्ष्मीनं पाण्याचा तांब्या पुढं केला.
“हे तुमचं काम, कायमचं आहे का?”
मार्चपर्यंत, म्हणालो.
तिनं एकदा माझ्या हातांकडं पाहिलं,
शिंपी कापड पाहतो तसं.
“मार्चनंतर या मग.
रात्री मशिन रिकामीच असते.”