एकच क्रियापद

सहा शनिवारांचं प्रशिक्षण. माहीमला,
डॉक्टर रेग्यांच्या दवाखान्याच्या पोटमाळ्यावर.
खाली मांजरांना लस, वर अकरा प्लास्टिकच्या खुर्च्या.
पंखा दोनवर. तीनवर कागद उडतात,
एकवर माणसं लवकर घरी जातात.

पहिल्या शनिवारी फ्रेनीबाई म्हणाल्या,
रुमाल पुढे करायचा नाही.
पुढे केलेला रुमाल म्हणजे, पुरे आता.
डबा मधोमध ठेवा,
ज्याचा हात त्याला लांब करू दे.
मी लिहून घेतलं, समास सोडून.
एकतीस वर्षं पालिकेच्या शाळेत
व्याकरण शिकवलेला हात आहे.

दुसऱ्या शनिवारी:
"दुसरं आणा" म्हणायचं नाही.
"निदान सुटलं बिचारं" म्हणायचं नाही.
"निदान"ने सुरू होणारं काहीच म्हणायचं नाही.

तिसऱ्या शनिवारी त्यांनी माझी वही मागितली.
मी नोंद केली होती:
गावडे, लिफ्टमन. कुत्रे. वय सोळा. ते मेले.
बाईंनी "ते"वर पेन्सिल टेकवली.
"गावडे ते बोलले?"
नाही. गावडे तो म्हणाले होते.
तो गेला, म्हणाले होते.
नपुंसकलिंगी मी केला. सवयीने.

माणसं जातात, वारतात, निवर्ततात,
देवाघरी असतात, शांत होतात.
जनावरांसाठी भाषेने
एकच क्रियापद काढून ठेवलं आहे,
कामवालीच्या कपासारखं, वेगळं.

गावड्यांचा तो तसा गावड्यांचा नव्हताच.
सोसायटीचा. लिफ्टच्या दारात झोपायचा,
सातव्या मजल्याची घंटा ओळखायचा.
म्हणजे रडायचा हक्कही सोसायटीचा,
आणि सोसायटीने बोर्डावर
गाडी तातडीने बोलावल्याबद्दल सेक्रेटरींचे आभार मानले.
गावड्यांनी दोन दिवस रजा टाकली.
कारण: पोट बिघडले.
खरं सांगितलं असतं तर म्हणाले असते,
कुत्रंच होतं ना?
तो "च" मी शिकवला आहे. शुद्ध शब्दयोगी.
फळ्यावर अगदी निरुपद्रवी दिसायचा.

वरळीच्या हिराबाय वैती म्हणाल्या,
बोंबलाची डोकी अजून बाजूला पडतात.
माझ्या ध्यानात हाय, ती नाय.
पण हाताला कोण सांगल?

अकरा वर्षांचा झैद काही बोलला नाही.
त्याच्या मावशीने सांगितलं, पोपट, उघडी खिडकी.
मग तो बोलला: "मी उघडली."

पाचव्या शनिवारी गट माझ्याकडे.
शांतता पडली की मनात वीसपर्यंत मोजायचं.
एकतीस वर्षं मी शांतता डस्टर आपटून विकत घेतली,
आता ती फुकट होती, आणि मला ती धरवेना.
चौदावर मला वेणू शिंगरे आठवली.

सहावी ब. भोईवाडा.
तीन दिवस गैरहजर, मग चिठ्ठी,
तिच्याच अक्षरात, खाली बापाचा अंगठा:
आमची शेळी वारली म्हणून येता आले नाही.
मी लाल शाईने "वारली" खोडलं,
वर "मेली" लिहिलं,
आणि शब्दयोजनेचा धडा म्हणून
वर्गाला वाचून दाखवली.
वर्ग हसला. मीही, थोडी.
वेणूने चिठ्ठी परत मागितली.
नीट घडी घालून नेली.

वीस झाले. मी काही बोलले नाही.
गट चालवणाऱ्याने आपलं ओझं
मध्ये ठेवायचं नसतं, हाही नियम आहे.

सहाव्या शनिवारी प्रमाणपत्र मिळालं,
माझ्या नावात वेलांटी चुकलेली.
दुरुस्त करायला पेन काढलं, परत ठेवलं.
जिन्यात गावडे थांबले होते,
आधी तुम्ही, म्हणून हाताने दार दाखवत,
तिथे दार नव्हतं तरी.

"बाई, तुमचं कोण गेलेलं?"

कुणी नाही, म्हणणार होते.
मी घरात कधी चिमणीही येऊ दिली नाही.

"एक शेळी," मी म्हटलं. "माझी नव्हती."

गावड्यांनी मान हलवली.
"माझा पण माझा नव्हता," म्हणाले,
आणि आम्ही उतरलो.