पाणी कुठवर आलंय

शेख मॅडम विचारतात, शून्य ते दहा,
आत्ता ओढ किती?
मला आकड्यात सांगता येत नाही.
बावीस वर्षं सातपूरला शाफ्ट मोजले,
केसाएवढा फरक नखाला कळायचा.
आता बोटं थरथरतात म्हणून स्टोअरला बसवलंय.
पण ही ओढ कुठल्या मायक्रोमीटरच्या जबड्यात धरू?

म्हटलं, मॅडम, आम्ही पंचवटीचे.
आम्हाला पूर विचारायचा तर
मारुती किती बुडाला, असं विचारा.

त्या हसल्या नाहीत. वहीत लिहिलं:
घोटा. गुडघा. कंबर. छाती. गळा.
तेव्हापासून आमचं असं चालतं.

सकाळी सात, पहिली पाळी: घोटा.
डबा खाताना: मारुती कोरडा.
साडेतीनला पाळी सुटते,
त्र्यंबक रोडवर स्कूटर आपोआप डावीकडे ओढते.
सहा महिने मी ते दुकान पाहिलेलं नाही,
हँडलला अजून पत्ता पाठ आहे.
कंबर.

मॅडम म्हणतात, घोट फार नंतर येतो.
आधी येतो रस्ता, खारे शेंगदाणे,
पगार जमा झाल्याचा मोबाइलचा टुणुक आवाज.
घंटा वाजली की मेंदू हात धुऊन तयार,
पान वाढलेलं असो नसो.
मग घंटाच काढून टाका ना, मी म्हटलं.
नाही, म्हणाल्या. वाजू द्यायची.
पंगतीला बसायचं नाही.

दुतोंड्या मारुती. एक तोंड इकडे, एक तिकडे.
मला ते कुणी शिकवावं लागलं नाही.
एका तोंडाने वैजयंताला, तुझ्या गळ्याशपथ, शेवटची.
दुसऱ्याने काउंटरवर, लिहून ठेव, उद्या देतो.
आणि खरं सांगू?
त्या त्या क्षणी दोन्ही तोंडं खरं बोलायची.
हे कुणाला पटत नाही.
नुसता खोटारडा असतो तर सोपं होतं,
सगळ्यांनाच.

अकरा दिवस दवाखान्यात, चादरीवर मुंग्या दिसायच्या.
मग रोज रात्री एक गोळी, गुरुवारी बैठक.
एकेचाळिसाव्या दिवशी भाच्याची हळद,
आणि मी गळ्याच्याही वर.
त्या गुरुवारी जाणारच नव्हतो.
गेलो, मान खाली घालून बसलो.
मॅडम म्हणाल्या, पूर आला म्हणून
भांडी बाजार कायमचा बंद करतात का?
चिखल उपसतात,
पाणी कुठवर चढलं त्याची भिंतीवर रेघ मारतात,
आणि पुढच्या वेळी माल त्या रेघेच्या वर ठेवतात.
मी वहीत रेघ मारली. भाच्याची हळद, संध्याकाळचे आठ,
मेहुण्याने खांद्यावर ठेवलेला हात.

परवा बुधवार. घाटावर बाजार भरलेला,
मी मेथीची जुडी घेऊन उभा, आणि
काहीच कारण नाही. म्हणजे खरंच नाही.
छाती.
सुकदेव घुमरेला फोन लावला, आमच्या बैठकीतला,
आडगाव नाक्यावर अंड्याची गाडी लावतो.
कुठवर?
छाती.
थांब तिथंच. कपडे काढू नको, म्हणाला,
आणि मोटर कशी जळाली ते सांगायला लागला.
रिवाइंडिंगवाला, तांब्याचा भाव, पुन्हा जळालेली मोटर.
मध्येच गिऱ्हाईकाला ओरडायचा, भुर्जी की ऑम्लेट.
मी बाईच्या टोपलीकडे बघत होतो.
वीस-बावीस मिनिटं. धरणाचा दरवाजा
आपण आपल्या हाताने उघडला नाही
तर पाणी उतरतं, हे मी ऐकलं होतं.
उतरताना पहिल्यांदा पाहिलं.
कंबर, मी म्हटलं.
हां, तर मग तो म्हणतो नवीन मोटरच घ्या.
गुडघा.
ठेवतो, तवा तापलाय.

मेथी सुकली होती.
वैजयंताने दार उघडलं, जुडी घेतली,
आणि घेता घेता नकळत
नाक माझ्या शर्टाजवळ आणून मागे नेलं.
मग स्वतःच ओशाळली.
चौदा वर्षांची सवय तिलाही आहे,
तिच्यासाठी गोळी निघालेली नाही.
मी चप्पल काढायला
जरा जास्त वेळ लावतो हल्ली,
दारातच,
म्हणजे तिला नीट वास घेता यावा.