हात पुसायला लागणारा वेळ

आमच्या भागाचं नावच लष्कर.
कधीकाळी छावणी पडली, तंबूंच्या गल्ल्या झाल्या,
आणि आता दौलतगंजात कुणाला विचारा,
तोफा कुठल्या अंगाला तोंड करून होत्या,
तर तो ज्यूसवाल्याकडे बोट दाखवील.

मी रोज गावाबाहेर जाऊन
एका थंडगार खोलीत लढाई लावते.
दोन रायफली. एक जुनी, एक निविदेतली.
अंतर दोनशे मीटर, वारा डावीकडून,
इकडे नऊ ठिपके, तिकडे नऊ.
दहा हजार वेळा.
चहा येईपर्यंत सगळे मरतात,
कप विसळेपर्यंत परत उभे.

नवी जिंकत होती. सहा टक्क्यांनी.
आलेख देखणा होता; मी त्याला निळा रंग दिला.

तपासायला भदौरिया हवालदार आले. निवृत्त,
भिंडचे, उजव्या कानानं कमी ऐकणारे.
खुर्चीच्या कडेवर टेकून त्यांनी तीन लढाया पाहिल्या,
दूध उतू जातंय का पाहावं, तशा.
मग म्हणाले, "बिटिया, ये पसीना कब पोंछता है?"

कोण?

त्यांनी ठिपक्यावर बोट ठेवलं. डावीकडून चौथा.
पडद्यावर ओला ठसा उमटला.

किती वेळ लागतो, मी विचारलं.
त्यांनी उजवा तळवा मांडीवर घासला, मग डावा,
मग बराच वेळ काहीच केलं नाही.
"इतना."
कोपऱ्यातल्या घड्याळात अकरा सेकंद गेले होते.
दोन पुसण्याचे.
उरलेले नऊ कसले, ते मी विचारलं नाही.

संध्याकाळी एक नवा चल घातला.
नाव सुचेना. 'विलंब चार' ठेवलं.
पुन्हा दहा हजार.
सहा टक्के विरघळले. दोन्ही रायफली सारख्या,
दोघींच्या मागे कुणीतरी थांबलेलं.

अहवालात मी तळटीप लिहिली, तीन ओळींची.
साहेबांनी पेन्सिलीनं खोडली: मोजता येईल तेवढंच लिहा.
मी लिहिलं, अकरा.

येताना फूलबागेच्या सिग्नलला
स्कूटरची मूठ घसरली. मे महिना, रात्रीचे साडेआठ.
हिरवा कधी झाला कळलं नाही.
मागून हॉर्न, शिव्या,
आणि मी ओढणीला हात पुसत होते,
आधी उजवा,
मग