इथे न्यूट्रल नाही

बोस्त्यांवच्या शेडमध्ये ती उलटी टांगलेली होती,
सहा पावसाळे.
त्याच्या तारवटी मामाने जिनोआहून आणलेली
एके काळची शर्यतीची सायकल,
रंग आता सोललेल्या कोलंबीचा.

म्हटलं, मला शर्यत नको.
मागे अंथरूण बांधून रमतगमत जायचंय.
तो माझ्या गुडघ्यांकडे बघत राहिला.
मग पाना शोधू लागला.

पाच चकत्यांचं फ्रीव्हील रात्रभर रॉकेलात मुरलं,
सकाळी दोघांनी जोर लावला तेव्हा कुठे सुटलं.
त्याच्या जागी नवा हब, अठरा दात्यांची एकच चकती,
ती सुटू नये म्हणून वर उलट्या आट्यांची कडी.
हँडल वीतभर उंच केलं, समोरचा काठ दिसावा म्हणून.
टायर जाड; फोर्कात जेमतेम करंगळी शिरेल.
कॅरिअर पोदेराच्या मोडक्या सायकलीचं,
त्याला अजून पावाचा वास आहे
असं बोस्त्यांव म्हणतो. मला तर गंजाचाच येतो.
ब्रेक मी काढू दिले नाहीत.

एकतीस वर्षं मी फेरीबोट चालवली,
दिवाडी ते जुनं गोवं, जुनं गोवं ते दिवाडी.
माणसं लग्नाला गेली, इस्पितळात गेली, कुवेतला गेली.
मी परत फिरलो.
पण एक मला यायचं:
धक्का वीस हातांवर आला की इंजिन सोडायचं.
उरलेलं पाणी बोट आपणच सरकते.
डेकवरच्या पेल्यातला चहा हलत नसे.

म्हणून पहिल्याच दिवशी, खाजनाच्या बांधावर,
मानस जवळ आली तशी सवयीने पाय सोडले.
मी सोडले,
सायकलीने नाही सोडले.
चिखलातून वर बघतो तर बोस्त्यांव कमरेवर हात ठेवून:
"गोकू, हांगा न्यूट्रल ना!"

मार्चात निघालो.
नार्व्याच्या फेरीवर सुकाणूला फटू होता,
मीच शिकवलेला.
आयुष्यात पहिल्यांदा उतारू म्हणून कठड्याला टेकलो.
त्याने बोट धक्क्यावर आपटली.
मी काही बोललो नाही.

डिचोली, साखळी, केरी.
लाडू गावसाच्या काजूत मुक्काम;
भट्टी पेटलेली, बोंडांचा वास केसांतसुद्धा.
ताडपत्रीचं एक टोक झाडाला, दुसरं सायकलीला,
म्हणजे रात्री तीही उभीच.
निखाऱ्यावर सुका बांगडा, पिशवीत चेपलेला पाव.
लाडूने विचारलं, एवढे पैसे घालवून गिअर काढलेत?
सांगायला गेलो आणि
उत्तर मलाच नीट येत नव्हतं.
झोपेत पाय फिरत राहिले.

सकाळी चोर्ल्याचा घाट, अर्धा ढकलत.
एका वळणावर पुरे झालं, तोंड फिरवलं,
आणि उताराने पेडलं घेतली हातात.
माझ्या हातात नव्हेच.
पाय शिवणयंत्रासारखे,
पोटऱ्या माझ्या नव्हत्या, रस्त्याच्या होत्या.
मग आठवलं, प्रवाहाविरुद्ध लागताना
उलटं इंजिन कसं देतात,
एकदम नाही, थोडं, अजून थोडं.
तसं टाचेने मागे रेटत गेलो
प्रत्येक फेरा, एकही न सुटता,
माकडांनी रस्ता दिला,
पायथ्याच्या विहिरीपाशी थांबलो तेव्हा
मांड्या थरथरत होत्या आणि हसूही येत होतं.

फ्रीव्हील आता स्वयंपाकघराच्या खिडकीत,
मिठाच्या बरणीशेजारी.
चहा उकळेपर्यंत रत्नप्रभा ते बोटाने फिरवते.
टिक टिक टिक टिक,
मग सावकाश,
मग दोन टिकांमध्ये अख्खी नदी मावेल एवढं अंतर.
तोवर आम्ही दोघंही काही करत नाही.