तीन मिलिमीटर

सकाळी साडेसातला, पेशंट यायच्या आधी,
मी मशीनला तिची तब्येत विचारते.
टाकीतल्या पाण्यात चेंबर बुडवते,
पाण्याचं तापमान, हवेचा दाब वहीत लिहिते.
लातूर समुद्राहून सहाशे मीटर वर,
हवा विरळ, तेवढी दुरुस्ती लागते.
मे महिन्यात तेच पाणी मोइज नंतर
गेटजवळच्या कण्हेरीला घालतो.
"मॅडम, याला किरणं लागली नाहीत ना?"
नाहीत रे.
पुढच्या वेळी पुन्हा विचारतो.

उदगीरला आत्या सांगते, पोरगी डॉक्टर आहे.
मी डॉक्टर नाही.
दोन मीटर काँक्रीटच्या अलीकडे बसून
ठरवलेले ग्रे ठरवलेल्या जागी पडतात का,
एवढंच पाहते.
कॉलेजात लंबकाचे झोके मोजताना
कुणी म्हणालं नव्हतं
की पुढे गाल आणि लाळग्रंथी यांतलं अंतर
पाढ्यांसारखं पाठ होईल.

आधी कोबाल्ट होता.
महिन्याला टक्काभर म्हातारा व्हायचा,
मी प्रत्येकाच्या वेळेत काही सेकंद घालायची.
शिशाच्या पेटीत बसून तो गेला
तेव्हा मोइजनं ट्रकपुढे नारळ फोडला.

द्रुपदाबाई लोहारे, औसा तालुका, उजवा गाल.
मिश्री, तीस वर्षं.
गरम पाण्यातून काढलेली जाळी
चेहऱ्यावर आणली तशी म्हणाली,
"भाकर थापलालीस का गं माय
माझ्या तोंडावर?"
मग गप्प पडून राहिली.
दहा मिनिटांत जाळी कडक झाली:
नाक, हनुवटी, गालावरचा उंचवटा,
सगळं जिथल्या तिथं.

माझं संशोधन एवढंच आहे.
गिळता येत नाही, माणूस वाळत जातो;
जाळी मात्र पहिल्या दिवसाचाच चेहरा धरून बसते.
मधे किती जागा पडते?
एकसष्ट माणसं, दर सोमवारी.
मोजायला फीलर गेज, गंजगोलाईमागच्या गॅरेजातून आणलेला,
पातीवर पाती रचून.
तीन मिलिमीटरच्या पुढे गेलं
की जुना प्लॅन मोडायचा.
पेपर परत आला. शेरा: केंद्र एकच.
खरं आहे.
दीडशे किलोमीटरवरून माणसं
त्याच एका केंद्रात येतात,
हे लिहायला फॉर्ममध्ये रकाना नव्हता.

द्रुपदाबाई, चौथा सोमवार: चार पूर्णांक दोन.
डॉ. पाटणूरकरांना म्हटलं, थांबा.
पुन्हा स्कॅन, पुन्हा जाळी.
"आणिक भाकर?" तिनं हातानंच विचारलं,
तोंड उघडत नव्हतं.
रात्री दीडपर्यंत मी आणि स्क्रीन.
एक लाळग्रंथी वाचली, दुसरी निम्मी.

फेऱ्या संपल्यावर तिनं दोन्ही जाळ्या मागितल्या.
नियमात होय नव्हतं, नाहीही नव्हतं.
दिल्या.

आठ महिन्यांनी तपासणीला आली, पिशवीत वांगी.
"रोपं कोंबड्या टोचलालत्या.
तुझ्या जाळ्या पालथ्या घातल्या वाफ्यावर.
लई कामाच्या हायत बघ:
ऊन आत जातंय, चोच जात नाही."

मोइज हसता हसता खुर्चीवर बसला.
मी सवयीनं तिच्या उजव्या गालाकडे पाहिलं.
भरला होता.
गेज कपाटात होता, किल्ली माझ्याच खिशात.
वांगी काटेरी होती, देठ अजून ओले.