शक्यतो

डोंगराच्या पोटात, जिथून एकेकाळी दगड निघायचा,
तिथे रात्रपाळीला सुन्निवा एकटी.
बाहेर फियोर्डवर अंधार, सकाळी दहापर्यंत टिकेल.
आत ती चालेल तेवढेच दिवे लागतात
आणि मागचे विझत येतात.

दोन वाजून दहा मिनिटांनी मागणी येते:
बारा आभासी यंत्रं, एका गोतावळ्यातली,
उत्तरेकडच्या कुठल्याशा इस्पितळाची.
सगळी एकदम, नाहीतर एकही नको.
अकरा येऊन बाराव्याची वाट बघत बसली
तर नुसती जागा अडवणार,
रुमाल टाकून धरल्यासारखी.

खाली अटी.
प्रश्न घेणारं आणि उत्तरं आठवणारं
शेजारीशेजारी; निरोपाला लांबचा फेरा चालत नाही.
नोंदवही आणि तिची प्रत मात्र
एकाच यजमानाकडे कधीच नाही.

यजमान नव्वद आहेत. जागाही आहे:
इकडे दोघांपुरती, तिकडे अर्धी, सातव्या रांगेत तिघांची.
बेरीज केली तर बाराला पुरून उरते.
पण बेरजेत कोणी राहत नाही.

प्रोग्राम मांडतो, मोडतो, पुन्हा मांडतो.
अकरा बसतात.
बारावी ती प्रत, ती मावते एकाच ठिकाणी,
नोंदवहीच्याच यजमानाकडे.
पडद्यावर तो अदबीनं विचारतो:
अट सैल करू?
'कधीच नाही'चं 'शक्यतो नको' करू?

सुन्निवा मग खाली ठेवते.

आजोबांचा नियम होता, किनाऱ्यावर सगळ्यांचाच होता,
दोघे भाऊ एका होडीत नकोत.
आइलिफ एकीत, हालवार दुसरीत,
जाळी एकच, समुद्र एकच, होड्या दोन.
त्या मार्चमध्ये हालवारच्या होडीचं इंजिन उघडून पडलं होतं,
कॉड आला होता, तीन आठवडेच असतो,
आणि म्हातारा दारातून ओरडला म्हणे,
शक्यतो नको.
त्या दिवशी शक्य नव्हतं.

आई एवढंच सांगायची, पुढचं नाही.
सुन्निवा जन्मली मे महिन्यात.
ओसरीत दोन खुंट्या होत्या, शेजारीशेजारी,
त्यांवर कुणी काही अडकवत नसे.

ती 'नाही'वर बोट दाबते
आणि सातव्या रांगेत शोधायला लागते
कोण आहे, ज्याला हलवलं तर कळणार नाही.
सापडतो: एका बेटावरच्या शाळेच्या ग्रंथालयाची यादी.
शाळा बंद होऊन दोन वर्षं झाली,
पाहुणा अजून राहतोय, भाडं कोण भरतं देव जाणे.
दर रात्री तीन वाजता उठून
तो मोजतो, कोणी पुस्तक परत केलं नाही.

तिनं त्याला उठवलं नाही, गादीसकट उचललं.
आधी आठवणींची पानं पलीकडे नेली,
नेताना जी बदलली ती पुन्हा नेली,
मग पापणी लवते तेवढा वेळ त्याला कुठेच ठेवलं नाही,
आणि नव्या घरात तो तीनची वाट बघू लागला.

तरी चार गीगाबाईट कमी.

मग एक हवामान केंद्र सरकवलं,
मग एक बेकरीचं दुकान, जे सरकताना जरा अडखळलं,
कुठल्याशा गावात कुणाचं तरी बिल
दुसऱ्यांदा दाबावं लागलं असेल.

दोन वाजून एक्कावन्नला बाराही उभी.
इस्पितळात त्याच घटकेला कोणी पाहत असेल असं नाही.
पंख्यांचा आवाज किंचित चढला, एवढंच.

सकाळी ओइविंद येईल, बुटांवरचा बर्फ झटकेल,
तक्ता बघून म्हणेल,
चौथ्या रांगेतला यजमान अर्धा रिकामा?
वीज काय फुकट येते?
मधल्या वाटेनं गेली असतीस तर
चाळीस मिनिटं वाचली असती.

ती डबा आवरत असेल.
हो, म्हणेल,
ठेवला रिकामा.